उतारावरचं पेडल

ताईचे दिवस भरले होते, आणि डोंगरावरून दवाखान्यात जायला तो एकच खडीचा उतार होता. म्हणून धाकटीने भरदुपारी नवी जीप काढली.

वळण दिसताच तिने ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरलं, खडखडलं, पण जीप काही थांबेना. सुट्या खडीवर गाडीतलं एबीएस चाकं जाम होऊच देत नव्हतं. धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. जुन्या गाडीत चाकं जाम झाली की त्यांच्यापुढे खडीचा ढीग साचायचा आणि गाडी अडायची. ही मात्र गोट्यांवरून घसरावी तशी दरीकडे निघाली.

“अगं, थांबव ना!” मागून ताई ओरडली.

“दाबतेय गं, जीव खाऊन दाबतेय!”

तेवढ्यात तिच्या पावलावर दुसरं पाऊल पडलं. जड आणि उबदार. थरथर एकदम बंद झाली. चाकं जाम झाली, पुढे खडी करकरत साचली आणि जीप काठाच्या हातभर अलीकडे उभी राहिली.

धाकटीने खाली पाहिलं. तिथे फक्त तिचाच पाय होता. तिने श्वास रोखून तो हळूच काढून घेतला.

पेडल वर आलं नाही.

“बाळ हललं गं,” मागे ताई पोट धरून म्हणाली. “बरं आहे ते.”

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. पेडलकडे पाहत ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “ताईला उतरवून घेते. तोवर धराल ना?”

पेडल आणखी थोडं खाली गेलं.