अंगणातली हळद

देवळाच्या कळसापेक्षा उंच घर गावात आजवर कुणी बांधलं नव्हतं. सटवाजींच्या अंगणाशेजारच्या मोकळ्या जागेवर अकरा मजली इमारतीचा बोर्ड लागला, तसे ते पेटले. "मी जिता हाय तवर तिची सावलीबी माझ्या हळदीवर पडू देणार न्हाई," असं ग्रामसभेत ठणकावून ते तहसीलसमोर उपोषणाला बसले. बिल्डरनं पाया खोदायच्या आधीच गाशा गुंडाळला. दिवाळीत सटवाजी गेले.

फाल्गुनात त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, शिजवलेली हळद नेहमीसारखी अंगणात पसरली. पंधरा दिवसांत खडखडीत वाळणारी हळद यंदा मधल्या पट्ट्यात ओलीच राहिली.

"आत्याबाई, चार वाजले की तिथं सावली येऊन राहिली," सून कोमल म्हणाली. "वर ना ढग, ना झाड."

द्वारकाबाईंनी शेजारी पाहिलं. जागेवर नुसतं वाळलं गवत होतं.

"तुझे मामंजी गेले. आता तिला आडवणार कोण?" त्या हळूच म्हणाल्या.

कोमल हळदीवरच्या सावलीत पडलेल्या खिडक्यांएवढ्या उन्हाच्या चौकोनांच्या ओळी बोटानं मोजत होती.



"आत्याबाई, काल चार मजले होते. आज पाच झालेत."