जरा धर हे

तरुण डॉक्टर विल्केन्स सॅक पाठीला लावूनच रुग्णालयाच्या बालविभागात शिरला. डॉ. मिर्लांद एका बाळाच्या तोंडावर मास्क धरून हातानं श्वासाचा फुगा दाबत होत्या. वीज गेलेली. जनरेटर होता, डिझेल संपलं होतं.

"निघतोय, डॉक्टर. दुपारचं विमान आहे. चिलीत नोकरी मिळालीय."

मिर्लांदच्या डोक्यात तिडीक गेली. बंदूकधारी टोळ्यांनी जेरेमी शहराचे रस्ते अडवल्यापासून त्यांनी शिकवलेले निम्मे डॉक्टर असेच निघून गेले होते.

"जा की! बँडबाजा लावू?"

"माझ्या भावाला मारलं टोळीवाल्यांनी. आई म्हणते, एक तरी जिवंत राहू दे."

मिर्लांदनी फुगा आणखी दोनदा दाबला. मग म्हणाल्या, "जरा धर हे. हात भरून आलाय. आलेच मी."

त्यानं सॅक उतरवली आणि फुगा हातात घेतला.

मिर्लांद तडक अधीक्षकांच्या खोलीत गेल्या. तिथं एसी चालू होता. खिडकीखाली त्यांचा स्वतःचा छोटा जनरेटर धडधडत होता, शेजारी डिझेलचा भरलेला कॅन.

"पोरं गुदमरतायत आणि तुम्ही गारव्यात बसलात?"

"मंत्रालयातून फोन यायचाय, बाई. जरा समजून—"

त्यांनी कॅन उचलला. अधीक्षकांनी दुसरीकडून धरला. "ही चोरी आहे!"

"मग बोलवा पोलिसांना. येतात का बघू!"

हिसडा देऊन त्यांनी कॅन सोडवला, अंगण ओलांडून फरपटत नेला. डिझेल भरताना अर्धा झगा भिजला. मोठा जनरेटर सुरू झाला, तेव्हा डोक्यावरून दुपारचं छोटं विमान घरघरत गेलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

परत आल्या तेव्हा विल्केन्स घामानं निथळत होता. बोटं मात्र तालात चालली होती. मिर्लांदनी बाळाला यंत्र जोडलं. छाती वर आली, खाली गेली.

"शेजारच्या वॉर्डात लॉरेट सिस्टर होती," विल्केन्स म्हणाला. "तिला हाक मारता आली असती."

"हो."

"मुद्दाम नाही मारलीत."

"मुद्दाम नाही मारली."

त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि त्यांच्या हातात कोंबला.

"आईला तुम्हीच सांगा."

पलीकडून एक म्हातारा, आनंदी आवाज आला, "विल्केन्स? पोहोचलास का रे बाळा?"