लोंबता अर्थ

"ज्यानं हे लिहिलंय ना, त्याची बोटं झडोत!" नव्या किताबांचा गठ्ठा झरकोनीनं न उघडताच बाजूला सारला.

"आबा, हळू. कियाई फदोली दारात आलेत," मुलगी मसलिहा कुजबुजली.

जावातल्या सुराबायात, आम्पेलच्या मशिदीमागच्या गल्लीत झरकोनीचं दुकान चाळीस वर्षं कोऱ्या, म्हणजे नुसता अरबी मजकूर छापलेल्या किताबांवर चाललं होतं. गुरुजींनी वाचावं, आणि पोरांनी प्रत्येक अरबी ओळीखाली, अरबी लिपीतच, जावानी अर्थ तिरपा टांगावा अशी रीत. आता तो अर्थ छापूनच येऊ लागला होता आणि कोऱ्या किताबांना कुत्रं विचारत नव्हतं. हे असंच चाललं तर महिनाअखेर गाळा मोबाइलवाल्याला जाणार होता.

छापील अर्थाच्या सगळ्यात खपणाऱ्या किताबेवर नाव होतं कियाई, म्हणजे मदरशाचा मोठा गुरुजी झालेल्या फदोलीचं. पोरपणी मदरशात त्याची आणि झरकोनीची चटई शेजारी असायची.

"माझ्या मदरशातली साडेतीनशे पोरं तुझ्याकडूनच घेतील," फदोली कॉफी घेत म्हणाला. "फक्त ही ठेव."

"पाठाला घोरायचास तू, आणि अर्थ तुझा?"

"म्हातारपणी तरी पुरे कर रे."

"का पुरे करू? मी एक ओळ चुकवली नाही. बाप गेल्याचा निरोप आला, तेव्हा तेवढा अर्ध्या शब्दावर उठलो. आठवड्यानं परत आलो, तर किताबच पुरात गेलेली."

"सगळ्यांच्याच गेल्या." फदोली कपात बघत होता. "पटत नसेल तर उघडूसुद्धा नकोस. नुसती विक."

पोरीच्या तोंडाकडे बघून झरकोनीनं होकाराची मान हलवली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

किताबा खपल्या. गाळा वाचला. झरकोनी कागदात गुंडाळून द्यायचा, आत कधी बघायचा नाही आणि गिऱ्हाईक वळलं की लिहिणाऱ्याला नेमानं शिव्या घालायचा. तेवढंच काय ते समाधान उरलं होतं.

पंधरा दिवसांनी फदोलीच्या मदरशातली एक मुलगी किताब घेऊन परत आली.

"काका, बदलून द्या. इथं अर्थ मध्येच तुटलाय. शेवटची दोन पानं कोरीच आहेत."

"डुलकी लागली असेल तुमच्या कियाईंना!" झरकोनी खदखदून हसला. "मसलिहा, चष्मा आण गं. बघू तरी किती घोरला ते."

मुलीनं पान उघडून पुढं धरलं. त्यानं चष्मा चढवला. हसू ओठांवर तसंच राहिलं.

तिरप्या अक्षरांची रांग ओळीखाली नीट टांगलेली होती. शेवटचा शब्द मात्र अर्धाच होता. बाप गेल्याचा निरोप आला तेव्हा झरकोनीनं तो तेवढाच लिहिला होता.