पाण्यात घातलेली गाडी

"गाडी कधी पाण्यात घातली होती का, मॅडम?" सर्व्हिस सेंटरच्या माणसाने विचारलं.

जोआना काचेपाशी गेली. पलीकडे तिची इलेक्ट्रिक गाडी लिफ्टवर चढवलेली होती. खालून मोटर उघडी केलेली दिसत होती.

"गेल्या जुलैत," ती म्हणाली. "एकदाच."

"तेव्हाच आत पाणी शिरलं असणार. बेअरिंग गंजलीत, आतल्या तारांचं वायंडिंगही जळलंय. अख्खी मोटर बदलावी लागेल. वॉरंटी गेल्या महिन्यात संपली, त्यामुळे खर्च सगळा तुमचा. अडीच लाख धरून चाला." मग त्याने विचारलं, "आवाज येत नव्हता का? घरघरल्यासारखा? बरेच दिवस येत असणार."

आवाज येत होता. पण तो गाडीचा आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

जुलैतल्या त्या रविवारी सकाळी शेजारच्या आशालताकाकूंनी तिचं दार बडवलं होतं. जयवंतकाकांच्या छातीत कळा येत होत्या, अंग घामाने भिजलं होतं. एव्हरशाईन सिटीतले रस्ते तुंबलेले. अॅम्ब्युलन्सवाल्याने येता येणार नाही म्हणून सांगितलं. तेव्हा जोआनाने गाडी काढली. मागच्या सीटवर काकू बसल्या, त्यांच्या मांडीवर काकांचं डोकं. गाडीला इंजिनाचा आवाज नाही. त्यामुळे काकांचा घरघरणारा श्वास तिला अगदी कानाशी ऐकू येत होता. मग टपावर पावसाचा मारा सुरू झाला आणि तो श्वास ऐकू येईना.

वसंत नगरीच्या पुढे रस्ताच दिसेनासा झाला. नुसतं मातकट पाणी. जोआनाने ब्रेक दाबला. गाडीचे हप्ते अजून चालू होते. तिचा केकचा धंदा त्या गाडीवर चालायचा. मोटर गेली तर, असं तिच्या मनात आलं आणि ती तिथेच थांबून राहिली. दोन मिनिटं असतील, पाच असतील. मागे वळून बघायचं धाडस तिला झालं नाही. शेवटी मागून काकूंचा आवाज आला, अगदी शांत.

"घाल गं गाडी, जोआना. घाल पाण्यात."

तिने घातली. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी काकांना तपासलं आणि एवढंच सांगितलं, "वाटेतच गेले." वाटेत कुठे, ते कोणी विचारलं नाही. जोआनाला विचारायची गरज नव्हती.

तेव्हापासून गाडीत एकटी असली की तिला तो श्वास ऐकू यायचा. मागची सीट तिने पाडूनच टाकली आणि तिथे केकचे खोके ठेवू लागली. तरी थंडीत श्वास वाढला. सिग्नलला थांबलं की थांबायचा, गाडी हलली की पुन्हा सुरू. ती रेडिओ मोठा करायची. गाण्यांच्या खालूनही तो येतच राहायचा. एका दुपारी तो खरवडल्यासारखा झाला, आणि गाडी भर रस्त्यात बंद पडली.

"मग करायचं का काम?" त्या माणसाने विचारलं.

"नको," जोआना म्हणाली. "राहू दे."

सांडोरला राहणारा तिचा भाऊ थॉमस चिडला. गाडीवाचून तू काय करणार, म्हणाला. ती ऐकेना, तेव्हा त्याने सुट्या भागांसाठी गाडी घेणारा एकजण शोधला. जोआना रिक्षाने केक पोचवू लागली. मनवेलपाड्याच्या एका लग्नाचा तीन मजली केक खड्ड्यात कलला आणि खोक्याच्या कडेला चेपून बसला. नवरीच्या आईने सगळ्यांसमोर तिला नको ते ऐकवलं. जोआनाने मान खाली घालून ऐकून घेतलं. आपल्याला ही शिक्षा व्हायलाच हवी होती, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात आशालताकाकू. गेले कित्येक महिने जोआना त्यांना टाळत होती. लिफ्टमध्ये गाठ पडली तर मोबाइलमध्ये डोकं घालायची.

"थॉमस भेटला होता खाली," काकू म्हणाल्या. त्यांनी चेक पुढे केला. "मोटर बसवून घे. गाडी विकू नको."

"मी नाही घेऊ शकत, काकू."

"का?"

"मी थांबले होते तिथे." जोआनाने चेक परत ढकलला. "पाण्यापाशी. गाडी खराब होईल म्हणून. नसते थांबले तर काका…"

ती दारातच खाली बसली. हे ती थॉमसपाशी बोलली नव्हती, चर्चमध्ये फादरांपाशीसुद्धा बोलली नव्हती.  चौकटीला धरून, सावकाश, काकूही तिच्यासमोर बसल्या.

"तू थांबायच्या आधीच ते गेले होते," त्या म्हणाल्या. "त्यांचा हात माझ्या हातात होता. मला कळलं होतं."

जोआनाने मान वर केली. "मग तुम्ही गाडी पाण्यात घाल का म्हणालात?"

काकूंनी चेक तिच्या मुठीत दाबला. मूठ सोडली नाही.

"सांगितलं असतं तर तू गाडी घराकडे वळवली असतीस," त्या म्हणाल्या. "गाडी हॉस्पिटलकडे चालली होती ना गं, तोवर ते नुसते आजारी होते."