डावीकडचा बाक

“आज तरी बोला, बाई,” डेल्मर वाकून पुटपुटला. “आज नाही तर कधीच नाही.”

म्हातारीने मान हलवली. हो म्हणाली की नाही, काही कळलं नाही.

डेल्मर स्टकी या काउंटी कोर्टाचा बेलिफ. एकोणीस वर्षं दाराशी उभा. टोप्या काढायला लावायच्या, फोन बंद करायला लावायचे आणि माणसं आपापल्या जागी बसवायची. मधल्या वाटेच्या डावीकडे मेलेल्याची, लुटलेल्याची माणसं, उजवीकडे आरोपीची. कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. बाजू चुकली की हाणामारी होते, हे डेल्मर कपाळाला टाके पडून शिकला होता.

ही बाई पहिल्यांदा आली आठ महिन्यांपूर्वी. काळा कोट, रडून सुजलेले डोळे. “हॅलॉकची केस इथेच का?” तिने दारात घुटमळत विचारलं. डेल्मरला तेवढं पुरे होतं. त्याने हळूच तिला डावीकडच्या बाकापाशी नेलं.

“इथे कुणीच बसत नाही?” तिने विचारलं.

“तुमच्यासाठीच रिकामा आहे, बाई.”

ती जरा वेळ उभीच राहिली. त्या रिकाम्या बाकाकडे बघत राहिली. मग बसली.

प्रकरण साधं होतं. आरोपी डेल हॅलॉक, वय तेवीस, दारू ढोसून पिकअप हाकत निघाला होता. हायवेवरच्या खानावळीत वाढपी असलेली कोरीन काम संपवून पायी घरी चालली होती. त्याने तिला उडवलं आणि तसाच पुढे गेला. थांबला असता तर पोरगी वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. परराज्यातून आलेली मुलगी, गावात तिची कुणाशी फारशी ओळखही नव्हती.

पण प्रकरण साधं म्हणून कोर्ट कुठे घाई करतं! सोमवारी एका दिवसात चाळीस-चाळीस केसेस. एका सोमवारी आरोप वाचून दाखवला, दुसऱ्या सोमवारी जामीन नाकारला, मग नुसत्या तारखाच तारखा. वकील आजारी, तारीख. रक्ताचा रिपोर्ट आला नाही, तारीख. सरकारी वकील तर तीन बदलले. नव्या गड्याला फायलींतून डोकं वर काढायची फुरसत नव्हती; पाठीमागे कोण बसलंय ते काय बघणार, कपाळ!

बाईने मात्र एकही तारीख चुकवली नाही. दुसऱ्या काउंटीतून बसने यायची. सोबत अंड्याची दोन सँडविच. एक खायची, दुसरं गुंडाळून परत न्यायची. बाजूच्या दाराने बेड्या घातलेला हॅलॉक यायचा. मेल्याने आठ महिन्यांत एकदाही मान वर केली नाही. तो खोकला की बाईंची बोटं पर्सवर आवळायची. राग, दुसरं काय!

आणि आता हे. बचावाच्या वकिलाने तडजोड घडवून आणली होती : गुन्हा कबूल, शिक्षा बारा वर्षं. आज जजसाहेब शिक्षा सुनावणार होते. तडजोड मोडायचा अधिकार त्यांना होता, पण ते एकच गोष्ट बघायचे. मेलेल्याच्या बाजूने कुणी उठतं का? कुणी उठलं नाही, तर बाराच.

“आणि बोललं तर किती?” बाईंनी विचारलं.

“पंचवीस. मी या जजना ओळखतो.”

बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. “अठ्ठेचाळीसचा होईल तो. मी काही तोवर जगत नाही.”

“नसाल. पण आज डोळा तरी लागेल तुमचा.”

“तू बेलिफ असून फार बोलतोस रे, डेल्मर.”

“बायकोही तेच म्हणते,” तो म्हणाला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

पुकारा झाला. हॅलॉक खाली मान घालून उभा राहिला. जजसाहेबांनी चष्मा लावला. “मयताच्या बाजूने कुणाला काही सांगायचंय?”

“कुणी नाही, साहेब,” सरकारी वकील फायलीतूनच बोलला. “नातेवाईक सापडले नाहीत.”

डेल्मरच्या डोक्यात तिडीक गेली. एकोणीस वर्षांत तो मध्ये कधी बोलला नव्हता.

“सापडले नाहीत? साहेब, माफ करा, पण आठ महिने बसलीय ही बाई इथे!”

सगळं कोर्ट वळून बघू लागलं. बाई बाकाच्या पाठीला धरून उठली.

“मला फार बोलता येत नाही, साहेब. काल त्या खानावळीत जाऊन आले. कोरीन कॉफी ओतताना गुणगुणायची म्हणे. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी सफरचंदाच्या पायचा तुकडा आधीच काढून ठेवायची. ती रस्त्यावर अर्धा तास जिवंत होती. एकटी. बारा वर्षं तिच्यासाठी कमी आहेत, साहेब. काय योग्य असेल ते द्या.” एवढं बोलून तिने डोळे मिटले.

डेल्मरचे डोळे भरून आले. शाब्बास, तो मनात म्हणाला.

जजसाहेबांनी चष्मा काढला. मग हलकेच म्हणाले, “नोंदीसाठी नाव सांगा, बाई. आणि नातं.”

“ग्लेनिस हॅलॉक,” ती म्हणाली. “याची आई.”

हॅलॉकने पहिल्यांदाच मान वर केली. टाइप करणारीचे हात थांबले.

“मग तुम्ही या बाजूला कशा?” जजसाहेबांनी विचारलं.

“तिकडे वकील तरी होता, साहेब. इकडे कुणीच नव्हतं.”