रंगीत तालीम

दुबईत अल बर्शाला अनुराधाताईंच्या हॉलमध्ये मराठी मंडळाच्या ‘आदिवासी नृत्या’ची रंगीत तालीम चालली होती. सोफे भिंतीला सरकवलेले. पोरांच्या कमरेला हिरव्या कागदाची पानं, हातात पुठ्ठ्याचे भाले. अनुराधाताई एकेकाला पुढ्यात ओढून तोंडाला, हातांना काळा रंग फासत होत्या. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते असं.

रांगेत ओवीचा नंबर आला. मागे तिची आई प्रज्ञा उभी होती.

अनुराधाताईंनी ओवीची हनुवटी वर केली आणि ब्रश खाली ठेवला. “हिला कशाला हवाय रंग? ही तर रेडीच आहे. यल्ला, नेक्स्ट.”

बायका हसल्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, आणि तेच प्रज्ञाला जास्त झोंबलं.

प्रज्ञा डहाणूकडची, वारली पाड्यावर वाढलेली. दुबईत हे एका नवऱ्यालाच ठाऊक. ओवीलासुद्धा तिने कधी सांगितलं नव्हतं. आता बोलावं तर उद्यापासून मंडळात कुजबुज, न बोलावं तर पोरीने जन्मभर हे हसू ऐकायचं.

“ताई, मी आदिवासी आहे,” ती म्हणाली. “वारली. आमच्याकडे नाचताना कोणी तोंडाला काळं फासत नाही.”



“काहीतरीच काय गं,” अनुराधाताई म्हणाल्या. “तुझ्याकडे बघून वाटत नाही हो.”

“वाटावं म्हणूनच हा रंग लावताय ना?”

अनुराधाताईंनी रंगाच्या डबीला झाकण लावलं. पोरांना म्हणाल्या, “खलास. जा, तोंडं धुऊन या सगळे. नाच प्रज्ञामावशी शिकवेल.” मग तिच्याकडे न बघताच, “शिकवशील ना गं?”

प्रज्ञाने मान हलवली. खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ती पोरांच्या मागोमाग बाथरूमकडे गेली.

बेसिनपाशी ही ढकलाढकली. पाणी काळंभोर. धुतलेली पोरं ओल्या तोंडाने बाहेर पळाली, तरी ओवी नळ सोडून हलेना. रंग न लावलेल्या हाताला ती साबण घासत होती, चांगला जोर लावून.

प्रज्ञाने नळ बंद केला.

“मम्मा, माईन इज नॉट गोइंग.”

“तो नाही जायचा, बाळा. तो माझ्या आईकडून आलाय.”