शेवटची आठ पानं

शेवटची आठ पानं बाइंडरने स्वतःच्या मनाने लिहिली होती, आणि आज खुद्द लेखिकाबाई वाचकांना भेटायला वाचनालयात आल्या होत्या.

तो कोपऱ्यातल्या आपल्या टेबलाशी, सगळ्यांकडे पाठ करून बसला. समोर एका शब्दकोशाचा निखळलेला पुठ्ठा होता. रविवारी तो एरवी कामाला येत नसे. पण घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा इथे बसून लावलेला बरा, असं त्याने ठरवलं.

कादंबरी रहस्याची होती. तिकीटखिडकीवर बसणारी एक आत्या घरमालकाच्या खुनाचा छडा लावते, तोही प्रेताशेजारी सापडलेल्या एका बटणावरून. वाचनालयात तिची एकच प्रत होती. तिची मागची आठ पानं गळाली, तेव्हा ग्रंथपालांनी त्याला दुसरी प्रत शोधून तेवढा मजकूर उतरवून आणायला सांगितलं. तो तीन वाचनालयं फिरला. प्रत कुठेच मिळाली नाही. खुनी कोण ते आधीच उघड झालं होतं, राहिला होता तो नुसता शेवट. आणि आत्याने पुढे काय केलं, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडेना. मग त्याने तो शेवट लिहिला, पुस्तकात शिवला आणि 'उतरवून आणला' म्हणून ठोकून दिलं. एकोणीस वर्षांत ग्रंथपालांशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता.

"मला खुनी पन्नासाव्या पानावरच कळला होता," चपलांचे दुकानदार म्हणाले. रहस्यकथा वाचून असं न म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. "पण ही आत्या म्हणजे काय बाई आहे हो! पुस्तक संपेपर्यंत दुकान उघडलं नाही. दोन गिऱ्हाइकं परत गेली."

लेखिकाबाई खुलल्या. पुस्तकाचं एवढं कौतुक त्या बहुधा पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"मधली चाळीस पानं पाल्हाळ आहे," कोर्टातले निवृत्त कारकून म्हणाले. ते कशालाही एकदम चांगलं म्हणत नसत. "पण शेवटासाठी तीही माफ."

"शेवट तर विचारूच नका!" नर्सबाई पुढे सरकल्या. "पोलिसांना फोन करून झाल्यावर आत्या त्या खुनी पोराला समोर बसवते आणि त्याच्या शर्टाला नवीन बटण लावून देते. 'तुझी आई येईल आता. तिच्यासमोर तरी धड दिसशील.' मी ड्यूटीवर वाचत होते. रडू आवरेना. शेवटी पेशंटच मला विचारायला लागला, काय झालं सिस्टर?"

"आणि आधी दोऱ्याला मेण लावते," कारकून म्हणाले. "घाई नाही, गडबड नाही. वा!"

लेखिकाबाईंचं हसू मावळलं. "बटण लावते?"

बाइंडरने शब्दकोश आणखी जवळ ओढला.

"मागची पानं गळाली होती ना," ग्रंथपाल अभिमानाने म्हणाले. "आमच्या बाइंडरने दुसऱ्या प्रतीवरून हाताने उतरवून आणली. अक्षर बघा, मोत्यासारखं!"

त्यांनी पुस्तक लेखिकाबाईंच्या हातात दिलं. त्या उभ्यानेच वाचू लागल्या. एक पान उलटलं, मग मागे येऊन तेच पुन्हा वाचलं. खोलीत सगळे कौतुकाने त्यांच्याकडे बघत होते. 'हे माझं नाही,' एवढंच त्या म्हणाल्या असत्या, तरी त्याची एकोणीस वर्षं पाण्यात गेली असती. त्याला ग्रंथपालांच्या नजरेची भीती वाटत होती. कामाचं काय, ते कुठेही मिळालं असतं.

लेखिकाबाईंनी पुस्तक मिटलं आणि त्या सरळ त्याच्या टेबलाशी आल्या.

"शर्टाच्या बटणाला दोऱ्याला मेण कोण लावतं हो?" त्यांनी हळूच विचारलं.

बाइंडरने आपल्या हाताकडे पाहिलं. चिमटीत मेणाचा खडा होता. सकाळपासून तो एकाच दोऱ्यावरून तो खडा फिरवत बसला होता. तो पोरगा बटणावरून सापडला, हा मेणावरून.

"आमच्या कामात लावतात," तो म्हणाला. "दोरा सरकत नाही." आणि मग, खाली मान घालून, "चुकलं माझं, बाई."

त्यांनी पिशवीतून आपली स्वतःची प्रत काढली. मागून उघडली, शेवटची पानं मुठीत धरली आणि टर्रकन ओढली. पानं त्याच्या टेबलावर पडली. वरच्याच पानावर त्याला एक ओळ दिसली: 'घाला याला बेड्या!' आत्या गरजली.

"अहो बाई, हे काय!" ग्रंथपाल धावत आले.

"माझ्याही प्रतीची शेवटची पानं निघाली," लेखिकाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "काका, ज्या प्रतीवरून इथली उतरवलीत, तिच्यावरूनच माझीही उतरवून द्याल?"

मग खाली वाकून, फक्त त्याला ऐकू येईल असं म्हणाल्या, "आणि मेण तेवढं काढू नका."